सरासरी बावन्न सेकंद

“वैजूताई, गेल्या महिन्यात बेळगावहून तुम्हाला एकशे ब्याऐंशी फोन आलेत,” तन्वी म्हणाली. “सरासरी बावन्न सेकंद.”

मी हातातला कप बशीत ठेवला. फोन कुणाचे ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बेळगावच्या ऑफिसात माणसं चार होती, पण मला फोन करणारं एकच होतं.

“बावन्न सेकंदांत माणूस बोलतो तरी काय?”

“झालं का, असं विचारतो.”

“आणि तुम्ही?”

“मी बघून सांगते.”

तन्वी पाटणकर आमची नवी मॅनेजर. पुण्याहून आलेली, वय एकोणतीस, माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. वाईट मुलगी नव्हती. कुठलंही काम दोनदा झालेलं तिला बघवायचं नाही, एवढंच. आमच्या ऑफिसात निम्मी कामं दोनदा व्हायची, त्यामुळे आल्यापासून तिची झोप उडालेली होती.

याला आता सात वर्षं झाली. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमची कंपनी होती. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. माणूस किटली घेऊन येतो, दूध मापलं जातं, फॅट लागते, चिठ्ठी छापून हातात पडते. ती चिठ्ठी बरोबर छापली जावी एवढंच आमचं काम. पण सकाळ-संध्याकाळ, शेकडो गावांत, एकदाही न चुकता.

प्रोग्रॅम लिहिणारे बेळगावात बसत. त्यांनी काही बदल केला की तो आमच्या जिन्याखालच्या मशीनवर यायचा. मशीन त्याचा नवा प्रोग्रॅम बांधायचं, मग त्याच्यावर तीनशेबारा तपासण्या चालवायचं. या सगळ्याला आम्ही नुसतं ‘बिल्ड’ म्हणायचो. पडद्यावर प्रत्येक तपासणीचा एक ठिपका असायचा, बरोबर आली की हिरवा, चुकली की लाल. सगळं हिरवं झालं तरच बदल गावांकडे जायचा. हे बघणारी बाई म्हणजे मी, वैजयंती नेर्लेकर, बी.ए., इतिहास.

मी तिथं लागले होते सभासदांची नावं टाईप करायला. एका गावातले एकशेचार सभासद एकाच आडनावाचे होते, ते टाईप करता करता कंटाळून मी शेजारच्या पडद्यावरच्या लाल ओळी वाचायला लागले. कुणी शिकवलं नाही. शेवटची ओळ वाचायची, ती कळली नाही तर तिच्या वरची. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की मशीन अडलं की साहेब लोक मलाच हाक मारायचे, आणि मग वरचा साहेब बदलला की नव्याला वाटायचं ही मुळापासून याच कामावर आहे.

“आता हे बघा,” तन्वीनं खुर्ची पुढं ओढली. “पुढच्या महिन्यापासून निम्मा कोड एआय एजंट लिहिणार. तुम्हाला माहितीय ना?”

माहीत होतं. एजंट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अजून विम्यावाला यायचा, पिशवी काखेत मारून. हा एजंट संगणकाच्या आतच राहायचा. त्याला काम सांगितलं की तो कोड वाचायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा लिहायचा, न थकता.

“त्यानं बदल केला की बिल्ड हिरवा झाला का ते त्याला कळायला हवं,” तन्वी म्हणाली. “तो काय तुम्हाला फोन करणार?”

“केला तर उचलीन.”

ती हसली. “म्हणून त्याच्यासाठी एक टूल बनवायचं. त्यानं विचारलं की टूलनं मशीनकडे जाऊन स्थिती आणायची आणि त्याला सांगायची. हे तुमच्याइतकं कुणाला कळत नाही, तेव्हा तुम्हीच बनवा. कित्तूरकर लिहितात तो भाग पहिला एजंटकडे जाणार. ते मग वरवर नजर ठेवतील.”

“आणि फोन?”

“फोनचं काय?” तिनं निर्मळपणे विचारलं. “फोनची गरजच संपली ना.”

रघुवीर कित्तूरकर हे नाव मी नऊ वर्षं ऐकत होते. चेहरा एकदाच बघितला होता. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, लग्न केलेलं नाही, आई आणि ते. एवढं मला माहीत होतं, आणि तेही त्यांनी सांगितलेलं नाही, बेळगावच्या हिशेबनीस बाईंनी सांगितलेलं. माझं त्यांना काय माहीत होतं कुणास ठाऊक. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, सासरे माझ्याजवळ असतात, मुलगी पुण्याला शिकते. हे असं एका दमात सांगायला बावन्न सेकंद पुरतात, पण तसं कुणी सांगत नाही.

दिवसातला पहिला फोन अकरा वाजून चार मिनिटांनी यायचा.

“नमस्कार ओ मॅडम. झालं काय?”

“थांबा, बघते.”

मी रिसीव्हर टेबलावर ठेवायची. पडद्यावर लाल काही आहे का ते बघायची. मग उठून जिन्याच्या तोंडाशी जायची, कारण आमचा पडदा आळशी होता, कधी कधी कालचंच चित्र दाखवत बसायचा. मशीन चालू आहे की नाही ते खालून येणाऱ्या घरघरीवरून कळायचं. नवा प्रोग्रॅम बांधताना एक आवाज, तपासण्या चालताना दुसरा, काही नसलं की नुसता पंखा. ऐकून परत यायचं, रिसीव्हर उचलायचा.

“चालू आहे अजून.”

“बरं बरं. असू दे की.”

झालं. बावन्नातले चाळीस सेकंद मी जाण्या-येण्यातच घालवायची.

लाल झालेलं असलं तर मी कधी ‘लाल’ म्हटलं नाही. “थोडं अडकलंय,” म्हणायची. आणि ते म्हणायचे, “अरे अरे. कुठं ओ?” मग मी वाचून दाखवायची. अशा वेळी दोन मिनिटं व्हायची, कधी तीन. खरं तर सांगू नये, पण कधी कधी हिरवं झालेलं बघून मला जरा वाईट वाटायचं.

एकदा ते कोल्हापूरला आले होते. दवाखान्याचं काहीतरी काम होतं, आईचे रिपोर्ट घ्यायचे होते. खालूनच फोन केला, मी जिना उतरले. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, केस माझ्या कल्पनेपेक्षा कमी. जिन्याखालच्या खोपटात मशीन बघायला वाकले. त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं सगळं त्या मशीनमधून गेलेलं. हात लावून बघितला, गोठ्यात जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

“एवढंसंच?” ते म्हणाले.

“एवढंसंच.”

“मला वाटूलालं, मोठं असेल.”

“वर या ना, चहा घ्या.”

“गाडी सुटते ओ,” असं म्हणून ते रिपोर्टचा लिफाफा सांभाळत गेले. मी जिना चढून वर आले आणि फोनकडे बघत बसले. दीड तासानं वाजला. बसमधून केला होता, मागून कंडक्टरचा आवाज येत होता. “मॅडम, झालं काय?”

तर त्या फोनची गरज संपवायचं टूल मला बनवायचं होतं.

बनवलं. मन लावून बनवलं. काम वाईट करायची सवय नव्हती. एजंटाच्या हाती टूल द्यायचं तर त्याबरोबर चार ओळीही द्याव्या लागतात: हे कशासाठी, कधी वापरायचं, काय उत्तर मिळेल. साध्या भाषेत, माणसाला सांगावं तसं. मी आधी वहीत मराठीत लिहिलं, मग त्याचं इंग्रजी केलं. माझ्यासाठी हे नवल होतं. नऊ वर्षं मी काय करते हे मला कुणी विचारलं नव्हतं, आता एका यंत्राला ते सविस्तर ऐकायचं होतं.

मी लिहिलं: हे टूल बिल्डची स्थिती सांगते. बदल पाठवल्यावर वापरावे. लाल झालेल्या तपासण्यांची यादी मिळेल. यादी रिकामी असेल तर सगळे ठीक आहे असे समजावे.

शुक्रवारी संध्याकाळी ते चालू झालं. कित्तूरकरांचा शेवटचा फोन सव्वापाचला आला.

“झालं काय ओ मॅडम?”

“झालं. सगळं हिरवं आहे.” मग मी म्हटलं, “सोमवारपासून तुम्हाला विचारायचा त्रास नाही. एजंट परस्पर विचारेल.”

पलीकडे पंखा फिरत होता.

“त्रास असा काय नव्हता,” ते म्हणाले.

“नाही, म्हणजे तुमचा वेळ जातो.”

“वेळ काय, जातोच की ओ.”

“हो.”

“बरं मग,” ते म्हणाले, आणि मीही “बरं” म्हटलं.

सोमवारी एजंटानं काम सुरू केलं आणि पहिल्या तासात माझ्या टूलला चारशे वेळा विचारलं. दर नऊ सेकंदांनी: झालं का, झालं का, झालं का. मशीन बिचारं उत्तर देता देता घामाघूम. मी टूलच्या माहितीत एक ओळ वाढवली: एकदा विचारल्यावर दोन मिनिटे थांबावे. थांबताना दुसरे काम करावे.

तन्वीनं ती वाचली. “वैजूताई, हे काय पाळण्यातल्या पोराला सांगताय?”

“ऐकतोय ना पण.”

ऐकत होता. एवढ्या पटकन ऐकणारं माणूस माझ्या आयुष्यात आलं नव्हतं. दोन मिनिटं म्हटलं की दोन मिनिटं. फोन मात्र टेबलावर पडून होता. अकरा वाजून चार मिनिटांनी मी उठून पाणी पिऊन यायची. मंगळवारीही आणि बुधवारीही. बुधवारी तर मी रिसीव्हर उचलून बघितला, लाईन चालू आहे का म्हणून. चालू होती. मला वाटलं, बघ, नऊ वर्षं तू ज्याला काहीतरी समजत होतीस ते निव्वळ काम होतं. काम सरलं, माणूस सुटला. त्यात त्यांची काही चूक नव्हती. राग धरायला जागा नव्हती, हेच त्यातलं वाईट.

गुरुवारी संध्याकाळी सहाला नवीन प्रोग्रॅम चाचणीच्या तीन गावांत गेला आणि तिन्ही केंद्रांवर म्हशीच्या दुधाच्या चिठ्ठीवर ‘गाय’ छापून यायला लागलं.

बाहेरच्या माणसाला हे किरकोळ वाटेल. कोल्हापूर जिल्ह्यात ज्यानं म्हैस पाळली आहे त्याला वाटणार नाही. पहिला फोन आला तो एका केंद्राच्या सचिवांचा.

“बाई, इथं एक गडी किटली घेऊन बसलाय, जात नाही म्हणतोय.”

“काय म्हणतायत?”

“त्यांच्याच तोंडून ऐका.”

मग एक खणखणीत आवाज. “ओ बाई, तुम्ही माझी म्हैस बघितली काय?”

“नाही हो.”

“मग गाय कुणी ठरवली? चौदा वर्षांचा रतीब आहे माझा इथं. गाय म्हणं. उद्या मला बाई म्हणशीला.”

मी जुना प्रोग्रॅम परत पाठवला, पाऊण तासात चिठ्ठ्या सरळ झाल्या. पण प्रश्न राहिला. चूक एजंटानं केली होती हे खरं, पण चुका कित्तूरकरही करायचे, सगळेच करतात. तीनशेबारा तपासण्या त्यासाठीच होत्या, आणि त्यातल्या एकोणीस नेमक्या गाय-म्हैस बघणाऱ्या होत्या. मग हा बदल गावापर्यंत गेला कसा?

शुक्रवारी सकाळी तन्वी कंपनीच्या गाडीतून त्या तीन गावांना माफी मागायला निघाली. जाताना म्हणाली, “मी येईपर्यंत मला कारण सांगा. आणि बिल्डमध्ये कोण कोण डोकावू शकतं त्याचीही यादी काढा. एजंटांची गर्दी झालीय तिथं, त्यात माणसं नकोत. ज्याला गरज नाही त्याचं नाव आज पाचपर्यंत काढून टाका.”

मशीन आत एक नोंद ठेवायचं: कुणी किती वाजता येऊन स्थिती बघितली. ती मी कधी उघडली नव्हती, लागलीच नव्हती. आता एजंट नेमकं कधी आला आणि त्याला काय सांगितलं गेलं ते बघायला उघडली.

कारण अर्ध्या तासात सापडलं. गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी एजंटानं बदल पाठवला. मशीन दुसऱ्या कामात होतं, म्हणून तपासण्या रांगेत थांबल्या. तीन बाराला एजंटानं माझ्या टूलला विचारलं. टूलनं बघितलं, लाल काही नाही, आणि रिकामी यादी दिली. एजंटानं स्वतःपुरतं लिहून ठेवलं होतं: ‘लाल तपासणी आढळली नाही. सर्व ठीक. पुढे पाठवत आहे.’ आणि पाठवलं. तपासण्या सुरू झाल्या तीन वीसला, आणि एकोणीस ठिपके लाल झाले ते पावणेचारला. तोवर प्रोग्रॅम गावांच्या वाटेला लागला होता आणि मागे वळून बघायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पडद्याकडे बघणं मीही त्या आठवड्यात सोडलं होतं.

चूक एजंटाची नव्हतीच. माझी होती. मी पडद्याकडे कशी बघते ते मी त्याला लिहून दिलं होतं: लाल शोधायचं, नसलं तर ठीक. जिन्याच्या तोंडाशी जाऊन कान द्यायचा, हे लिहिलंच नव्हतं. कारण ते मी करते हे मला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. लाल नाही याचे दोन अर्थ होतात: सगळं नीट पार पडलं, किंवा काही सुरूच झालेलं नाही. मला ते घरघरीवरून कळायचं. त्याला कान नव्हते.

मी टूल दुरुस्त करायला घेतलं. आधी विचार, चालू झालं का. मग विचार, संपलं का. आणि मगच विचार, लाल आहे का. दुरुस्त करून झाल्यावर यादीकडे वळले.

एजंटांच्या ओळी शेकड्यांनी होत्या, त्या बाजूला केल्या. माणसांची नावं उरली तीन. मी, तन्वी, आणि आर. कित्तूरकर.

मला आधी वाटलं, जुनं काहीतरी राहिलं असेल. टाळेबंदीत सगळ्यांना घरून बघता यावं म्हणून साहेबांनी सोय केली होती. पुढं ती बंद केली असं मी धरून चालले होते. बंद केली नव्हती. मी त्यांच्या नावावर बोट ठेवून नोंद खाली सरकवली.

गेल्या शुक्रवारी, पाच वाजून तेरा मिनिटं. फोन आला होता सव्वापाचला.

त्याच दिवशी अकरा वाजून दोन मिनिटं. फोन, अकरा चार.

मी मागे गेले. आदला दिवस, अकरा दोन. त्याच्या आदला, अकरा दोन, साडेबारा, दोन वाजून दहा. मागचा महिना. मागचं वर्ष. चार वर्षं. प्रत्येक फोनच्या आधी दोन मिनिटं ते तिथं येऊन, ठिपके बघून, गेलेले होते. हिरवं असेल तर हिरवं बघून. लाल असेल तर लाल बघून, आणि मग मी “थोडं अडकलंय” म्हणायची आणि ते म्हणायचे, “अरे अरे. कुठं ओ?”

मी उठले, पाणी प्याले, परत बसले. मग नोंद उलटी, पुढं सरकवली. सोमवार, अकरा दोन. मंगळवार, अकरा दोन. बुधवार. गुरुवार. काम त्यांच्याकडे नव्हतं, विचारायला कारण नव्हतं, बघून करायचं काहीच नव्हतं. तरी आजचीही ओळ होती. अकरा वाजून दोन मिनिटं.

तीनच्या सुमारास तन्वीचा फोन आला. गाडीत होती, आवाज थकलेला. मी कारण सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं.

“ते होतं ताई, पहिलंच टूल होतं,” ती म्हणाली. “यादीत कोण निघालं?”

“तुम्ही, मी आणि कित्तूरकर.”

“कित्तूरकर? ते कशाला बघतात?”

“सवय असेल.”

“काढून टाका मग. पाचपर्यंत, हं. म्हैसवाल्यांनी मला दोन लिटर दूध दिलंय, ताई. शिव्या दिल्या आणि वर दूध दिलं. कुठं ठेवू हे?”

पुढचं सगळं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगीच वाट बघायला नको. त्या डिसेंबरात बेळगावचं ऑफिस बंद झालं. कित्तूरकर आईला घेऊन धारवाडला भावाकडे राहायला गेले. भरल्या घरात बाईमाणसाशी फोनवर बोलायला कोपरा मिळत नाही, हे त्यांनी न सांगता मला कळलं. माझ्याकडेही सासऱ्यांची खाट हॉलमध्ये होती. रोजचे फोन आठवड्याचे झाले, मग सणाचे. गेल्या दिवाळीत आला नाही. संक्रांतीला मी केला, तर त्यांच्या पुतण्यानं उचलला आणि म्हणाला, काका बाहेर गेलेत, सांगतो. मुलगी विचारते, आई, मग तुमचं नेमकं होतं काय? तिला मी त्या शुक्रवारचं सांगते.

चार वाजले होते. ऑफिसात मी आणि मागे कप विसळणाऱ्या मावशी. पडद्यावर दुरुस्त केलेल्या टूलचा बिल्ड नुकताच पूर्ण झाला होता, तीनशेबाराही ठिपके हिरवे. दुसऱ्या बाजूला नावांची यादी उघडी होती. मी रिसीव्हर उचलला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा बेळगावचा नंबर फिरवला. तो मला पाठ नव्हता, बघून फिरवावा लागला.

“हॅलो, कित्तूरकर बोलतोय.”

“मी नेर्लेकर.”

“मॅडम?” खुर्ची करकरली. “काय झालं ओ?”

“काही नाही. विचारायचं होतं. बिल्ड झाला का?”

पलीकडचा पंखा मला स्पष्ट ऐकू येत होता. सांगायचं ते सगळं त्या प्रश्नात सांगून झालं होतं, आता ते “मला कसं कळणार ओ?” म्हणाले असते तर मी “हो की, विसरलेच” म्हणून फोन ठेवला असता, यादीतलं नाव काढलं असतं आणि घरी जाऊन भाकऱ्या थापल्या असत्या.

“थांबा,” ते म्हणाले. “बघतो.”

टेबलावर रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. पावलं लांब गेली, कुठल्यातरी दाराशी थांबली, आणि सावकाश परत आली. त्यांच्याकडे ऐकायला जिनाही नव्हता आणि मशीनही नव्हतं.

“चालू आहे अजून,” ते म्हणाले.

माझ्यासमोर तीनशेबारा हिरवे ठिपके होते. त्यांच्याहीसमोर.

“बरं,” मी म्हटलं. “थांबते मग.”

“थांबा की.”

थोड्या वेळानं ते म्हणाले, “तुम्ही जाऊन येता तेव्हा फोन टेबलावर ठेवता. मग तिकडचं सगळं ऐकू येतं ओ. कुणीतरी कप विसळतं. तुमची चप्पल एका पायाची वाजते, एका पायाची नाही.”

“डाव्या पायाची तुटलीय.”

“चार वर्षं?”

“दुसरी घेतली, ती पण डावीच तुटली.”

ते हसले. त्यांचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ते फार हळू हसायचे.

“कित्तूरकर,” मी म्हटलं, “मला पाचच्या आत तुमचं नाव इथून काढायचंय. वरून सांगितलंय.”

“काढा की. बरोबर आहे ते.”

“तुम्हाला मग काही दिसणार नाही.”

“काढा ओ,” ते म्हणाले. “तुमच्यावर यायला नको काय.”

मी त्यांच्या नावासमोरची खूण दाबली. मशीननं विचारलं, नक्की काढायचं? मी नक्की म्हटलं.

“गेलं,” ते पलीकडून म्हणाले. “पांढरं झालं सगळं.”

“काहीच दिसत नाही?”

“नाही.”

“मग आता विचारावंच लागेल,” मी म्हटलं.

मी फोन ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही.

“मॅडम,” ते शेवटी म्हणाले, “तुम्ही बसता तिथं खिडकी आहे काय?”

ज्याचं उत्तर बिल्डमध्ये कुठंच नव्हतं असा नऊ वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

“आहे,” मी म्हटलं. “रस्त्याकडे.”

“काय दिसतं?”

फोनची वायर पुरत नव्हती. मी टेबलच खिडकीकडे ओढलं, मावशी कप हातात घेऊन बघत राहिल्या, आणि मी सांगायला लागले.